वाळवंटात रत्नं शोधायला जायचंय? हातोडा सगळ्यात शेवटी घ्या, आधी हे समजून घ्या

१९४४ चा सप्टेंबर महिना. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं रखरखीत वाळवंट. अकिओ उजिहारा आणि योशिओ निशिमोतो हे दोघं ड्रम पर्वताच्या परिसरात दगड शोधत फिरत होते. घासून, पैलू पाडून छान दिसतील असे दगड त्यांना हवे होते. शोधता शोधता त्यांना एक भलताच दगड दिसला. काळपट, वजनदार, आणि आजूबाजूच्या एकाही दगडाशी न जुळणारा. तो आकाशातून पडलेला लोखंडी अशनी निघाला. वजन ५२९ किलो. आज तो ‘ड्रम माउंटन्स मिटिऑराइट’ या नावानं ओळखला जातो आणि स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

आता गंमत म्हणा किंवा दुर्दैव, पण हे दोघं तिथे सहलीला आले नव्हते. ते कैदी होते.

दुसऱ्या महायुद्धात जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेनं आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांमध्ये टाकलं. त्यातली एक छावणी युटामधल्या डेल्टा गावाजवळ होती. १९४२ ते १९४५ या काळात ती चालली आणि एका वेळी आठ हजारांवर माणसं तिथे राहत होती. करायला काही नाही, जायला कुठे नाही, चारी बाजूंना धूळ. मग लोक दगड गोळा करायला लागले. पूर्वी तिथे एक अवाढव्य तलाव होता, त्याच्या तळाशी राहिलेले बारीक शिंपले वेचून बायकांनी दागिने बनवले.

त्या छावणीचं नाव होतं टोपाझ. आणि हे नाव पडलं होतं जवळच्या एका डोंगरावरून, टोपाझ माउंटन.

आज त्याच डोंगरावर लोक शनिवार-रविवारी गाड्या काढून जातात. हातोडा, छिन्नी, बादली, डब्यात खाऊ, सोबत पोरंबाळं. जमिनीत, दगडात लपलेले टोपाझचे खडे शोधायचे आणि सापडले तर घरी आणायचे. तेही कायदेशीर, बहुतेक भागात एक पैसा न देता. या छंदाला तिकडे ‘रॉकहाउंडिंग’ म्हणतात. हाउंड म्हणजे वास काढत माग घेणारा शिकारी कुत्रा. तसा दगडांचा माग घेणारा तो रॉकहाउंड.

इन्स्टाग्रामवर याचे रील्स तुम्ही पाहिले असतील. कोणीतरी दगडावर एक घाव घालतो, दगड फुटतो आणि आत मधाच्या रंगाचा लखलखीत खडा. पंधरा सेकंदांत काम फत्ते. त्या पंधरा सेकंदांच्या आधीचे सहा तास मात्र रीलमध्ये नसतात. आणि त्या सहा तासांत नीट नियोजन नसेल, तर खडा बाजूला राहतो आणि जिवावर बेततं.

हे खडे तिथे आले कुठून?

साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी या भागात ज्वालामुखी फुटले. त्यातून निघालेला लाव्हा आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या कातळासारखा नव्हता. तो होता रायोलाइट. रंगानं फिकट, राखाडी, आणि घट्ट. या लाव्हात फ्लोरिनचं प्रमाण बरंच होतं. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांमध्ये गरम वाफेतून टोपाझचे स्फटिक वाढले. टोपाझ म्हणजे ॲल्युमिनियम, सिलिका आणि फ्लोरिन यांचं खनिज. फ्लोरिन नसता तर टोपाझही नसता.

पोकळीत स्फटिक वाढणं ही गोष्ट मराठी माणसाला परकी नाही. दख्खनच्या कातळातही अशाच वायूच्या पोकळ्या आहेत, फक्त त्या पुढे खनिजं विरघळलेल्या पाण्यानं भरल्या. नाशिक, जळगाव, पुण्याकडच्या खाणींत मिळणारे झिओलाइटचे गुच्छ त्यातूनच आले. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना दगडाच्या पोटात काय काय असू शकतं हे वेगळं सांगायला नको.

टोपाझ माउंटनवरच्या खड्यांची एक खोड मात्र जाणून घेण्यासारखी आहे. दगडाच्या आत बंद असतो तोपर्यंत खडा मधासारखा, शेरी दारूसारखा पिवळसर तपकिरी असतो. बाहेर पडून सूर्यप्रकाशात राहिला की रंग उडतो आणि तो काचेसारखा पांढरा होतो. म्हणजे जमिनीवर पडलेले सापडतील ते बहुतेक पाणीदार पांढरे, आणि रंगीत हवा असेल तर दगड फोडण्याला पर्याय नाही.

याच डोंगररांगेत लाल बेरिलही सापडतं. पन्ना ज्या खनिजाचा असतो त्याच खनिजाचा हा लाल भाऊबंद, आणि जगातल्या अतिदुर्मीळ रत्नांपैकी एक. मेनार्ड बिक्सबी नावाच्या खनिज-शोधकाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इथेच मिळालं. त्याच्या नावावरून ‘बिक्सबाइट’ नावाचं एक काळं, चौकोनी खनिजही आहे, तेही इथलंच. शेजारच्या स्पोर माउंटनवर बेरिलियम धातूची मोठी खाण आहे. जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीचे सोनेरी आरसे आठवतात? त्या सोन्याच्या मुलाम्याखालचं बेरिलियम या खाणीतून गेलेलं आहे.

आधी कायदा, मग कुदळ

वाळवंट मोकळं दिसतं. कुंपण नाही, पाटी नाही, माणूस नाही. त्यामुळे सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मोकळं दिसलं म्हणजे ते कोणाचंच नाही, असं नसतं.

अमेरिकेत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, नावाचं सरकारी खातं आहे. त्याच्याकडे साधारण २४.५ कोटी एकर सार्वजनिक जमीन आहे. अख्ख्या महाराष्ट्राच्या तिप्पट धरा. यातल्या बहुतेक जमिनीवर हौसेखातर, स्वतःपुरते दगड, खनिजं आणि उपरत्नं गोळा करायला परवाना लागत नाही. विकायला न्यायचे नाहीत, स्फोटकं वापरायची नाहीत, जेसीबीसारखी यंत्रं लावायची नाहीत, आणि ‘वाजवी’ प्रमाणात घ्यायचे. वाजवी म्हणजे किती? अश्मीभूत लाकडासाठी नियमात आकडाच दिलाय. दिवसाला २५ पौंड म्हणजे साधारण ११ किलो आणि वर एक तुकडा, वर्षाला जास्तीत जास्त २५० पौंड. बाकी दगडांसाठीही हाच अंदाज धरून चाललात तर फारसं चुकत नाही.

पण त्याच वाळवंटात बीएलएमच्या जमिनीला लागून दुसऱ्या कोणाची जमीन असते. युटामध्ये शाळांच्या निधीसाठी राखलेली राज्य सरकारची ‘ट्रस्ट लँड’ आहे, तिथे दगड गोळा करायला परवाना काढावा लागतो. खासगी रँच असतात. मूलनिवासी जमातींच्या जमिनी असतात. लष्कराचे पट्टे असतात. आणि राष्ट्रीय उद्यानात तर खडा उचलायलाही बंदी आहे.

त्यात भर ‘मायनिंग क्लेम’ची. १८७२ च्या खाण कायद्यानुसार सार्वजनिक जमिनीच्या एखाद्या तुकड्यातल्या खनिजावर माणूस दावा लावू शकतो. जमीन सरकारचीच राहते, तुम्ही तिथून चालत जाऊ शकता, पण खनिजावर हक्क त्याचा. दाव्याच्या कोपऱ्यांवर लाकडी खांब किंवा दगडांची रास असते, कधी कधी बाटलीत किंवा नळीत घातलेला कागद असतो. असा खांब दिसला तर तिथे खोदायच्या आधी परवानगी घ्यायची. टोपाझ माउंटनच्या परिसरातही असे दावे आहेत. जायच्या आधी बीएलएमच्या स्थानिक कार्यालयाला फोन करून विचारलं तर ते सांगतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक लोक नेमकं तेच टाळतात.

भारतातून फिरायला गेलेल्यांसाठी एक गोष्ट. हौशी पर्यटक म्हणून खडे वेचायला तुमच्या पासपोर्टचा रंग आडवा येत नाही. दावा मात्र लावता येत नाही. तो हक्क अमेरिकी नागरिकांना, किंवा नागरिक होण्याचा इरादा अधिकृतपणे नोंदवलेल्यांनाच आहे.

दगड शोधताना दुसरंच काही सापडलं तर? हाडांचे जीवाश्म दिसले तर हात लावायचा नाही, पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म हौशी लोकांना उचलता येत नाहीत. बाणाची टोकं, मडक्याचे तुकडे, जुन्या वस्तीचं काही दिसलं तर तेही तसंच ठेवायचं. १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्यात दंडही आहे आणि तुरुंगही.

‘एवढा एक खडा घेतला तर काय बिघडतं’ हा विचार किती जणांना नंतर छळतो हे पाहायचं असेल तर ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानाकडे पाहा. तिथून चोरलेले अश्मीभूत लाकडाचे तुकडे लोक माफीच्या पत्रासह पोस्टानं परत पाठवतात. पण तुकडा नेमका कुठून उचलला होता हे कळत नसल्यानं तो मूळ जागी ठेवता येत नाही. अशा परत आलेल्या दगडांचा तिथे एक ढीगच झालाय आणि त्याला नाव आहे ‘कॉन्शन्स पाइल’, सदसद्विवेकबुद्धीचा ढीग.

कधी जायचं आणि कसं पोचायचं?

टोपाझ माउंटन ज्या वाळवंटात आहे ते ग्रेट बेसिन. हे ‘थंड वाळवंट’ आहे. हिवाळ्यात बर्फ पडतं, उन्हाळ्यात दुपारी पारा ३५ अंशांच्या आसपास जातो. म्हणून एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. विदर्भातला माणूस ३५ अंश ऐकून हसेल, आणि तिथेच फसेल. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्या आल्या उडून जातो. अंग ओलं होत नाही, त्यामुळे शरीरातलं पाणी चाललंय हे कळतच नाही. त्यात उंची, वर सावलीचं झाड नाही आणि हातात तीन पौंडांचा हातोडा.

सॉल्ट लेक सिटीहून डेल्टा साधारण सव्वादोनशे किलोमीटर. डेल्टा हे शेवटचं नीट गाव. पेट्रोलची टाकी इथे पूर्ण भरायची, पाणी इथेच घ्यायचं. पुढे हायवे ६ वरून थोडं ईशान्येला गेलं की डावीकडे ‘ब्रश वेलमन रोड’ लागतो. तो पश्चिमेला सरळ खाणीकडे जातो. डेल्टापासून डोंगरापर्यंत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. शेवटचा टप्पा कच्चा. कोरड्या दिवसात साधी गाडी हळूहळू जाऊ शकते, पण पाऊस पडला की वाळवंटातल्या कच्च्या रस्त्यांवर चिकणमातीचा असा राडा होतो की फोर बाय फोरचंही काही चालत नाही. भाड्याच्या गाडीनं जाणार असाल तर करार वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर विमा लागू होत नाही असं लिहिलेलं असतं.

मोबाइलला रेंज नसते. म्हणजे नकाशाही नसतो. आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवायचा, आणि तरी कागदी नकाशा सोबत ठेवायचा. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत जीपीएसवर आंधळा विश्वास ठेवून लोक नको त्या रस्त्याला लागले आणि जिवाला मुकले. तिथल्या रेंजर लोकांमध्ये त्याला ‘डेथ बाय जीपीएस’ असा शब्दच पडलाय. यंत्राला जवळचा रस्ता कळतो, पण तो रस्ता आता उरलाय का हे त्याला कळत नाही.

म्हणून निघायच्या आधी घरी किंवा मित्राला साधं लिहून द्यायचं: कुठे चाललोय, कुठल्या रस्त्यानं, गाडीचा नंबर काय, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं. ही चिठ्ठी फुकट असते आणि वेळ आली तर हजारो डॉलरच्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते. ज्यांना वारंवार जायचंय त्यांनी सॅटेलाइट मेसेंजर घ्यावा. अलीकडच्या काही फोनमध्येही उपग्रहावरून मदत मागायची सोय असते.

गाडी अडकली किंवा बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. शोधणाऱ्यांना हवेतून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. गाडीची सावली असते, गाडीत पाणी असतं. ‘रस्ता तर समोरच आहे, अर्ध्या तासात पोचू’ असं म्हणून निघालेली माणसं वाळवंटात सापडत नाहीत, किंवा उशिरा सापडतात.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला निदान चार लिटर. दिवसाची सहल असली तरी एका जास्तीच्या दिवसाचं पाणी गाडीत पडून असू द्या. नुसतं पाणी पीत राहिलं तर अंगातलं मीठ कमी होतं, म्हणून ओआरएस किंवा आपलं लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. खारे शेंगदाणे, चिवडा, चकली हा इथे चवीचा नाही, कामाचा खाऊ आहे. सोबतचा माणूस अचानक चिडचिड करायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला तर थट्टा करू नका. तो उष्माघात असू शकतो. ताबडतोब सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मदत मागवा.

खडा शोधायचा कसा?

दोन रस्ते आहेत.

पहिला म्हातारी माणसं आणि पोरं बरोबर असतील तर उत्तम. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, सूर्याकडे तोंड करून हळूहळू चालायचं. डोंगरावरून सुटलेले पांढरे टोपाझ ओढ्याच्या वाळूत आणि उतारावर पडलेले असतात. सूर्य समोर असला की ते चमकतात. पावसानंतर दोन-चार दिवसांनी गेलं तर धूळ धुऊन गेलेली असते, खडे चटकन दिसतात. बऱ्याचदा ती चमक काचेच्या फुटक्या बाटलीची निघते, हेही सांगून ठेवलेलं बरं.

दुसरा रस्ता घामाचा. फिकट रायोलाइटमध्ये जिथे बारीक पोकळ्या, भेगा दिसतात असा दगड निवडायचा आणि छिन्नी-हातोड्यानं तो भेगेच्या रेषेत उकलायचा. दणादण घाव घालत सुटायचं नाही. कारण टोपाझ कठीण असला तरी चिवट नाही. त्याच्या लांबीला आडवं असं एक प्रतल असतं, त्या रेषेत तो एका टिचकीनं सपाट तुटतो. खडा दिसला की हातोडा बाजूला ठेवायचा, त्याच्याभोवतीचा दगड लांबून कोरत आणायचा आणि खडा दगडासकटच घरी न्यायचा. उघड्यावर खडा सुटा काढण्याच्या नादात हातात दोन तुकडे आलेले लोक पुढच्या वेळी आपोआप शिकतात.

सापडलेला खडा टोपाझ की साधा स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ? काठिण्याच्या मोह्ज मोजपट्टीवर टोपाझ ८, क्वार्ट्झ ७. म्हणजे टोपाझनं क्वार्ट्झवर ओरखडा उठतो. टोपाझ हाताला जड लागतो, त्याच आकाराच्या क्वार्ट्झपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शानं जास्त वजन. स्फटिकाच्या अंगावरच्या बारीक रेघा टोपाझमध्ये उभ्या, लांबीच्या दिशेनं असतात, क्वार्ट्झमध्ये आडव्या.

हातोडा मात्र दगडाचाच हवा. सुताराच्या हातोडीचं पोलाद दगडासाठी नसतं, त्याचे कपचे उडतात. आणि डोळ्यांवर गॉगल नाही, सेफ्टी ग्लासेस. रायोलाइटचे तुकडे काचेसारखे धारदार उडतात. पोरं बघायला जवळ येतात, त्यांच्याही डोळ्यांवर हवेत. दगड फोडताना उडणारी धूळ सिलिकाची असते, तोंडाला चांगला मास्क बांधा. विमानानं जाणार असाल तर हातोडा चेक-इन सामानात टाका, केबिन बॅगेत तो सुरक्षा तपासणीत अडकतो.

कड्याच्या पोटात खालून खोदत जायचा मोह फार होतो, कारण चांगली पोकळी नेमकी तिथे दिसते. वरचा दगड कशावर उभा आहे हे आपल्याला माहीत नसतं. तसंच सोडून दिलेल्या खाणींच्या बोगद्यांचं. तोंडाशी गारवा असतो, बाहेर ऊन असतं, माणूस सहज आत शिरतो. आत कुजकी लाकडं, झाकलेल्या विहिरीसारखे खड्डे आणि प्राणवायू नसलेली हवा. अमेरिकेत या खाणींसाठी सरकारी घोषणाच आहे, त्याचा अर्थ एवढाच की बाहेर राहाल तर जिवंत राहाल. रॅटलस्नेक आणि विंचूही आहेत. जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालायचा नाही, आणि दगड उलटताना तो आपल्या बाजूला उचलायचा, म्हणजे खाली जे काही असेल त्याला पलीकडे पळायला वाट राहते.

कोरड्या ओढ्यात गाडी लावू नका, तंबू तर मुळीच नको. डोक्यावर निळं आभाळ असताना वीस किलोमीटरवरच्या डोंगरात कोसळलेला पाऊस त्याच ओढ्यानं खाली येतो. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्यावर जे होतं तेच, फक्त इथे पाऊस दिसतसुद्धा नाही.

एकाच दिवसात सगळं उरकायचा मोह

टोपाझ माउंटनच्या वायव्येला डगवे जिओड बेड्स आहेत. जिओड म्हणजे बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड आणि आतून स्फटिकांनी मढलेला पोकळ गोळा. हे गोळेही रायोलाइटमध्येच तयार झाले. पुढे हिमयुगात इथे बोनविल नावाचा प्रचंड तलाव होता (टोपाझ छावणीतले शिंपले त्याच तलावाचे), त्याच्या लाटांनी हे गोळे मूळ खडकातून सुटे केले आणि काही मैलांवर तळाच्या मातीत नेऊन पुरले. म्हणून इथे दगड फोडायचा नसतो, माती खोदायची असते. वाटेत जुन्या पोनी एक्सप्रेस टपालाचा मार्ग लागतो.

ही जागाही बीएलएमचीच. पण उत्तरेला डगवे प्रूव्हिंग ग्राउंड हा लष्कराचा रासायनिक-जैविक चाचण्यांचा तळ आहे. त्या हद्दीत शिरायचं नाही आणि धातूची कुठलीही अनोळखी वस्तू पडलेली दिसली तर तिला हात लावायचा नाही. दोन्ही ठिकाणं एका दिवसात करता येतात, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात कच्च्या रस्त्यावर अंधार पडतो, टायर फुटतो आणि स्टेपनी एकच असते. एक दिवस एक जागा, हे गणित बरं.

ज्यांना कायद्याची, दाव्यांची कटकटच नको त्यांच्यासाठी पैसे भरून खोदायच्या जागा आहेत. नेवाडाच्या व्हर्जिन व्हॅलीत ‘रॉयल पीकॉक’ ही ओपलची खाण हंगामात शुल्क घेऊन लोकांना खोदू देते. तिथला काळा ओपल जगप्रसिद्ध आहे, पण त्याच्या पोटात पाणी असतं. वाळला की त्याला तडे जातात. म्हणून लोक ते बाटलीत पाण्यात बुडवूनच ठेवतात, अंगठीत नाही. ऑरेगॉनमध्ये प्लश गावाजवळ बीएलएमनं सनस्टोनसाठी जागाच राखून ठेवली आहे, ती फुकट.

श्रीमंत होता येईल का?

नाही. पांढरा टोपाझ बाजारात स्वस्त आहे. दुकानात मिळणारा निळाशार ‘ब्लू टोपाझ’ही बहुतेक वेळा पांढऱ्याच टोपाझवर किरणोत्सर्गाचा मारा करून आणि मग तापवून बनवलेला असतो. पेट्रोल, मुक्काम, जेवण यांचा खर्च काढला तर तेवढ्यात सराफाकडून चांगला पैलूदार खडा येईल.

इथे आणखी एक घोटाळा होतो. मराठी शब्दकोशात टोपाझला प्रतिशब्द म्हणून पुष्कराज दिलेला असतो. पण सराफाकडे ‘पुष्कराज’ मागितला तर तो पिवळा सफायर दाखवतो, म्हणजे नीलम ज्या खनिजाचा त्याच खनिजाचा पिवळा खडा. दोन्हींची रासायनिक जात वेगळी, काठिण्य वेगळं आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. तेव्हा युटाहून आणलेला टोपाझ ‘पुष्कराज आणलाय’ म्हणून काकूंच्या हातात ठेवू नका, गुरुवारच्या अंगठीवरून घरात नवा वाद नको.

एवढं वाचून कोणाला वाटेल की या सगळ्यासाठी अमेरिकाच कशाला हवी. खरंय. कॅव्हनसाइट नावाचं निळंभोर खनिज पहिल्यांदा ऑरेगॉनमध्ये सापडलं. पण त्याचे जगातले सगळ्यात सुंदर नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून निघाले. जगभरच्या संग्राहकांना वाघोली हे नाव त्या निळ्या फुलासारख्या स्फटिकामुळे माहीत आहे. मात्र या चालू, खासगी खाणी आहेत, सुरुंग लागतात. तिथे विचारल्याशिवाय शिरणं म्हणजे टोपाझ माउंटनपेक्षा मोठा धोका.

परत निघताना केलेले खड्डे बुजवायचे. बुजवले नाहीत तर त्यात गुरं पडतात, रानटी जनावरं पडतात, आणि तक्रारी वाढल्या की जागाच बंद होते. खडे वर्तमानपत्रात गुंडाळून अंड्याच्या ट्रेमध्ये ठेवायचे, प्रत्येकावर जागा आणि तारखेची चिठ्ठी. सहा महिन्यांनी कुठला कुठून आणला हे कोणालाच आठवत नाही, आणि जागा माहीत नसलेल्या नमुन्याला संग्राहकांच्या जगात फारशी किंमत नसते. घरी आल्यावर साध्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं धुवायचं.

आणि मधाच्या रंगाचा एखादा सापडलाच असेल, तर फोटो काढून झाल्यावर तो खिडकीत मांडून ठेवू नका. कपाटाच्या बंद खणात ठेवा. उन्हात राहिला की त्याचा रंग उडायला लागतो.